हिरकणीचे डोळे

दसरा झाला की घराघरांत आवराआवरी सुरू होते. माळ्यावरचे खोके खाली येतात आणि त्यांत एक तरी खोका मोडक्या खेळण्यांचा निघतोच. मुंडकं उडालेला मावळा, चाक हरवलेली तोफ, एका पायाची बाहुली, कमरेतून दोन झालेला प्लॅस्टिकचा सैनिक. आपण झाकण उघडतो, क्षणभर बघतो आणि हात कचऱ्याच्या पिशवीकडे जातो. मुलाला विचारल्याशिवाय त्यातलं काही टाकू नका, एवढंच आज तुमच्याकडे मागणं आहे. आणि विचारल्यावर तो ‘आपण नीट करूया’ म्हणाला, तर त्याला करू द्या. तुम्ही करून देऊ नका.

यातली पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरी मला जमली नव्हती, म्हणून तर लिहायला बसले.

आमच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, सासूबाईंच्या वेळचा. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं त्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असतात. (पुण्याकडे या बाहुल्यांना ‘चित्रं’च म्हणतात.) दरवर्षी चार-दोन नवी येतात, चार-दोन मोडतात. मोडकी टाकायची नाहीत, असा सासूबाईंचा दंडक. त्यामुळे डब्याच्या तळाशी एका पुडीत नुसते सुटे अवयव: मुंडकी, हात, ढालीचे तुकडे, वाण्याच्या तराजूचं एक पारडं. गेल्या वर्षी माझी दहा वर्षांची लेक तो डबा घेऊन गॅलरीत बसली आणि म्हणाली, “आई, या सगळ्यांना बरं करायचंय.”

पहिला तास नुसता जुळवाजुळवीत गेला. कुठलं डोकं कुठल्या मानेचं? रंगावरून काही कळेना, कारण सगळ्या मावळ्यांची पगडी लाल. मग तिनं तुटलेल्या कडांकडे बघायला सुरुवात केली. एक डोकं मानेवर ठेवायचं आणि हळूहळू फिरवायचं. कडेचा उंचवटा समोरच्या खाचेत बसला की अगदी बारीक ‘टक्’ असा आवाज येतो आणि डोकं फिरायचं थांबतं. तो आवाज आला की ती श्वास रोखून माझ्याकडे बघायची. जी मुलगी गणिताच्या वहीसमोर दहा मिनिटं टिकत नाही, ती भर दुपारी एका मानेवर पाच डोकी फिरवत बसली होती.

चूकही पहिल्याच दिवशी झाली. धूळ खूप होती म्हणून तिनं एक मावळा नळाखाली धरला. ही चित्रं कधी प्लास्टरची असतात, कधी नुसती वाळवलेली माती, आणि वरचा रंग बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारा. बघता बघता मावळ्याचा अंगरखा वाहून गेला आणि दंडाची माती मऊ होऊन बोटाला लागली. ती रडली. मी स्वयंपाकघरात होते आणि खरं सांगते, तेव्हा तिथे नव्हते हेच बरं झालं. असते तर आधीच ओरडून थांबवलं असतं. त्यानंतर प्रत्येक चित्राची धूळ तिनं कोरड्या, मऊ ब्रशनंच काढली. मला एकदाही सांगावं लागलं नाही.

मान जोडायची रीत तिच्या आजीनं सांगितली. दोन्ही बाजूंना कंपासपेटीतल्या कर्कटकाच्या टोकानं हलक्या हातानं भोक पाडायचं, त्यात उदबत्तीची जळून उरलेली काडी तोडून बसवायची, कडांना फेविकॉल लावायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. नुसत्या फेविकॉलवर जोडलेलं डोकं पुढच्या दिवाळीत पुन्हा उडतं. काडी आत असली की टिकतं. जिथे तुकडाच हरवला आहे तिथे एम-सील. त्याच्या दोन कांड्यांचे सारखे तुकडे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचे, मग तासाभरात ते दगडासारखं होतं. हे मळण्याचं काम मात्र आपण करावं, हातमोजे घालून. कच्चं असताना ते कातडीला बरं नाही. फेविक्विकही लहान मुलाच्या हातात देऊ नये. बोटं चिकटतात, डोळ्यांचा धोका असतो आणि सांध्याभोवती एक पांढुरकी झाक उठते, ती सहजी जात नाही.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. जुन्या खेळण्याचा रंग कोरड्या पॉलिश पेपरनं घासू नका. पूर्वीच्या रंगांमध्ये शिसं सर्रास असे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली ती १ जानेवारी २०२१ पासून. म्हणजे तुमच्या-माझ्या लहानपणीच्या डब्यातलं जवळजवळ सगळं त्याच्या आधीचं. शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं आणि घासल्यावर उडणारी धूळ नाकातोंडात जाते. ज्याचा रंग पापुद्र्यांनी सुटतोय ते खेळणं मुलाच्या हाती देऊच नका, कपाटात शोभेला ठेवा. प्लॅस्टिकचं घासायचंच असेल तर ओलं करून, मोठ्यांनी. काम झालं की हात साबणानं धुवायचे. घरात तोंडात वस्तू घालणारं तान्हं असेल, तर हा सगळा पसारा त्याच्या हाताबाहेर मांडा. एवढं सांभाळलं की बाकी धास्ती नको.

लेकीचं बघून माझ्या नवऱ्यानं त्याच्या आईच्या कपाटातून स्वतःची एक पिशवी काढली. त्यात एक जी. आय. जो होता. अमेरिकेत हे सैनिक १९६४ मध्ये आले तेव्हा फूटभर उंच होते. १९८२ पासून पावणेचार इंचांचे मिळू लागले आणि आपल्याकडे फनस्कूलनं काढले ते या लहान मापाचे. नव्वदच्या दशकात मुलगा असलेल्या कितीतरी मराठी घरांत ते उभे होते. नवऱ्याचा सैनिक कमरेतून दोन झालेला, धड वेगळं, पाय वेगळे. तीस वर्षं तो समजून चालला होता की हा गेला. पाठीवर एक इवलासा स्क्रू असतो. चष्मेवाल्याकडे असतो तसला बारीक स्क्रू ड्रायव्हर लावून बापलेकीनं तो उघडला, आणि छातीची दोन कवचं सुटून आतलं गुपित बाहेर आलं. अख्खा सैनिक एका काळ्या रबरी कड्यावर तोललेला असतो. कड्याचा वरचा वळसा छातीतल्या खुंटीवर, खालचा पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात. त्या ताणामुळे कंबर फिरते आणि पाय जागच्या जागी राहतात. रबर वर्षानुवर्षांत कडक होऊन तुटतं, इतकंच. तुटलेलं कडं कागदात घालून ती दोघं हार्डवेअरच्या दुकानात गेली, तसलंच मिळालं, आणि दहा मिनिटांत सैनिक उभा! नवरा त्याला हातात घेऊन बराच वेळ काही बोलला नाही.

लेकीनं विचारलं, “बाबा, याचे रंग उडालेत. रंगवू?” त्याचा अंगठाही तुटलेला होता, बंदूक जोरानं खुपसली की यांचे अंगठे हमखास तुटतात. नवरा म्हणाला, “नको. तो मी तोडलेला आहे. राहू दे.” तिनं एकदा मान हलवली आणि ब्रश खाली ठेवला. तो कुणाचा आहे हे तिला नेमकं कळलं होतं. मला कळायला अजून आठवडा लागायचा होता.

प्लॅस्टिकच्या बाहुल्यांचं अजून थोडं सांगते, कारण मातीच्या बाहुल्यांपेक्षा त्याच घरोघरी जास्त. मऊ प्लॅस्टिकची तलवार वाकली असेल, पाय फेंगडे झाले असतील, तर ते वाफाळत्या पाण्यात अर्धा-एक मिनिट धरा, सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. गरम पाणी अर्थातच मोठ्यांच्या हातात. पुन्हा वाकलं तर पुन्हा करा. रंग द्यायच्या आधी भांडी घासायच्या साबणानं धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर बोटांच्या तेलकटपणावर रंग धरत नाही. ऑइल पेंट मऊ प्लॅस्टिकवर कितीतरी दिवस चिकट राहतो, म्हणून ॲक्रिलिक, आणि तोही पातळ हातानं दोन-तीन वेळा. एकदाच जाड थापला की चेहऱ्याचं नाक-तोंड बुजून जातं.

आता हिरकणीकडे येते.

सगळी जुळवाजुळव झाल्यावर डब्यात दोन नग उरले. बिनडोक्याचा एक भालेवाला मावळा, आणि डोक्यावरचा हंडा फुटलेली, कमरेखाली पार चुरा झालेली एक गवळण. लेकीनं गवळणीचं डोकं मावळ्याच्या धडावर बसवलं. मान जुळेना, तर एम-सीलची वळी गुंडाळली. ती जाड झाली, तर तिच्यावर सुरकुत्या कोरून त्याचा शेला केला आणि हिरवा रंगवला. आजी म्हणाली, “अगं, ही कोण?” तर म्हणे, “हिरकणी. तिला रायगडाचा कडा उतरायची वाट माहितीये ना? मग महाराजांनी तिलाच त्या कड्यावर पहाऱ्याला ठेवलं.” हिरकणीची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. बाळासाठी ती कडा उतरून गेली, तिच्या नावाचा बुरुज झाला, गोष्ट संपली. पुढे तिचं काय झालं, हे मला आजवर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

हिरकणीचे डोळे मात्र तिरपे झाले होते. एक बुबुळ मधोमध आणि दुसरं पार खाली, कडेला. त्या रात्री लेक झोपल्यावर मी शून्य नंबरचा ब्रश घेतला आणि दोन्ही डोळे पुसून सुरेख, सारखे काढले. भुवयाही कमानदार केल्या. मनात दुसरं काही नव्हतं. किल्ला बघायला सोसायटीतले लोक येणार, लेकीचं कौतुक व्हावं, इतकंच.

सकाळी तिनं चित्र उचललं, बघितलं आणि परत डब्यात ठेवलं. काही बोलली नाही. किल्ल्यावर महाराज बसले, मावळे लागले, अळीव उगवून आलं, वसुबारसेला पणती लागली, तरी कड्यावरची जागा रिकामीच. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “ती आता छान दिसते. पण ती खाली बघत नाहीये.” बुबुळ खाली होतं ते त्यासाठी. पहारेकरी होती ती, कड्याखाली नजर ठेवून होती.

‘टॉय स्टोरी २’ तुम्ही मुलांबरोबर पाहिला असेल. १९९९ चा तो सिनेमा. त्यात वूडीचा हात शिवायला एक म्हातारा कारागीर येतो. काय सुंदर काम करतो तो! हात शिवतो, गाल रंगवतो आणि बुटाच्या तळव्यावर मुलानं लिहिलेलं नावही रंगानं झाकून टाकतो. वूडी नव्यासारखा दिसू लागतो, काचेच्या कपाटात ठेवायच्या लायकीचा. पुढे वूडी स्वतःच तो रंग खरवडून काढतो, तेव्हा ते नाव परत दिसतं. हे दृश्य मी तीनदा पाहिलं होतं. त्या म्हाताऱ्याच्या जागी मी असेन, असं कधी डोक्यात आलं नाही.

मी तिची माफी मागितली. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर तुम्हीही मागा. ‘अगं, मी तर चांगलंच केलं’ असं म्हणू नका. रंग पोस्टर कलरचा होता हे नशीब. ओल्या कापसानं तिनं माझे डोळे पुसले आणि पुन्हा स्वतःचे काढले.

पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. मुलानं खेळणं मोडून बघावं, असं ते मोठ्यांना आवर्जून सांगत आले आहेत. आपण मोडण्याला नासधूस म्हणतो आणि दुरुस्तीला लगेच छंदवर्गाला घालायला निघतो. कृपा करून याचा वर्ग लावू नका. आधीचा-नंतरचा असे फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी मुलाची परवानगी घ्या. आणि काम अर्धवट पडून राहिलं तर राहू द्या; आमच्या वाण्याचं दुसरं पारडं वर्ष झालं तरी व्हायचं आहे.

तुमची जागा कुठे, असं विचाराल तर शेजारी बसा. गरम पाणी धरायला, एम-सील मळायला, स्क्रू सापडत नसेल तर फरशीवर हात फिरवून शोधायला आपण लागतोच. त्यानं विचारलं, “हे असं बरोबर आहे का?” तर लगेच हो-नाही करू नका, त्याला काय करायचं होतं ते आधी ऐकून घ्या. मुलगा फार लहान असेल, पाच-सहा वर्षांचा, तर एकच खेळणं आणि दोनच रंग द्या. किशोरवयीन असेल आणि दार लावून तासन् तास हेच करत असेल, तर चहा ठेवून या आणि दार ओढून घ्या.

परवा माळ्यावरून डबा काढला. हिरकणी नीट आहे, शेल्याचा हिरवा रंग थोडा उडालाय. पुडीत त्या गवळणीच्या धडाचा उरलेला तुकडा अजून आहे: एक खांदा आणि हंड्याला धरायला वर उचललेला हात. लेकीनं तो वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवला आहे. त्याचं काय करणार, ते मी विचारलेलं नाही.