स्वस्त प्रोसेसर आणि वाढवलेला वेग



कमी पैशांत संगणक जुळवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधी ध्यानी घ्यावे की, प्रोसेसरचा जाहीर वेग हा कंपनीने हमीसह ठरवून दिलेला वेग असतो. तो ओलांडून प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. मदरबोर्डच्या मूळ घड्याळाची गती आणि प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे गुणक, यांच्या गुणाकारातून हा वेग ठरतो.

1998 साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन 300ए या स्वस्त प्रोसेसरइतका ओव्हरक्लॉकिंगचा बोलका दाखला दुसरा नाही. त्याचा गुणक साडेचारवर बांधलेला होता, त्यामुळे 66 मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ घड्याळावर, तो 300 मेगाहर्ट्झने चाले. पण बस 100 वर नेली की त्याचे अनेक नग 450 मेगाहर्ट्झवर स्थिर राहत. त्याची कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी स्मृती, अवघी 128 किलोबाइटची असली तरी ती चिपवरच असल्याने पूर्ण वेगाने चाले, तर कितीतरी महागड्या पेंटियम टूची 512 किलोबाइटची कॅशे निम्म्या वेगाने चाले. म्हणूनच वेग वाढवलेला सेलेरॉन खेळांमध्ये पेंटियम टूच्या बरोबरीला येई. सेलेरॉनचा वेग बाजारातील पायरी सांभाळण्यासाठी कमी ठेवलेला होता, क्षमता नव्हती म्हणून नव्हे.

इंटेलच्याच 2014 च्या पेंटियम जी3258 चा गुणक मुद्दाम खुला ठेवलेला होता आणि 3.2 गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर बरेचदा 4 च्या पुढे जाई. परंतु त्याला कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गणनभाग, दोनच असल्याने, चार थ्रेडची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार कार्यधारांची, अपेक्षा ठेवणारे काही नवे खेळ त्यावर सुरूच होईनात. वेगाने कोअरची उणीव भरून निघत नाही.

वेग वाढवताना बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि विजेचा खप वेगाच्या व व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवल्यास तो सुमारे 33 टक्क्यांनी वाढतो. ती सारी उष्णता कूलरला बाहेर काढावी लागते. शिवाय अस्थिर प्रोसेसर नेहमी बंदच पडतो असे नाही, तो गुपचूप चुकीचे उत्तर देऊन अभ्यासाची फाइलही बिघडवू शकतो, आणि हा धोका सर्वांत गंभीर आहे.

आजचे प्रोसेसर उष्णता व वीज पाहून आपला वेग स्वतःच वाढवतात, त्यामुळे हाताने मिळवण्यासारखे थोडेच उरते. इंटेलच्या बहुतेक स्वस्त प्रोसेसरांचा गुणक बंद असतो. एएमडीच्या बहुतेक रायझेन प्रोसेसरांचा खुला असला तरी ए320 चिपसेटचा मदरबोर्ड ती मुभा देत नाही. तेव्हा महागड्या कूलरसाठी राखलेले पैसे अधिक कोअरच्या प्रोसेसरवर खर्च करावेत.