जेन मेकम हिची वही : अमेरिकन राज्यक्रांतीतील एका कुटुंबाचा शोध

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला सरांनी अमेरिकन राज्यक्रांतीतील एकेका व्यक्तीवर टिपण लिहून आणायला सांगितले. वर्गातील निम्म्या मुलांनी जॉर्ज वॉशिंग्टन घेतला, उरलेल्यांनी जेफरसन. मी बेंजामिन फ्रँकलिन घेतला, कारण विजेचा आणि पतंगाचा धडा शाळेत झाला होता व तेवढा तरी परिचय होता. टिपण लिहिता लिहिता फ्रँकलिन बाजूलाच राहिला आणि त्याची एक धाकटी बहीण समोर येऊन बसली. हा लेख तिच्याविषयी आहे. त्याचबरोबर, जुन्या काळातील एखादे कुटुंब शोधायचे म्हणजे नेमके काय करायचे, हेही तिच्या निमित्ताने मला थोडेफार कळले ते सांगायचे आहे.

अमेरिकेत आपला पूर्वज राज्यक्रांतीच्या काळात कोण होता हे शोधण्याची मोठी हौस आहे. १८९० मध्ये स्थापन झालेल्या ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संस्थेचे सभासद व्हायचे, तर असा पूर्वज कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. या हौसेपासून खुद्द फ्रँकलिनही मुक्त नव्हता. १७५८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये असताना तो आपला मुलगा विल्यम याला घेऊन नॉर्दम्पटनशायरमधील एक्टन या खेड्यात गेला. त्याचा बाप जोसाया तिथला, रेशीम रंगवण्याचा धंदा करणारा. १६८३ च्या सुमारास तो बॉस्टनला आला आणि तिथे त्या धंद्याला गिऱ्हाईक नाही असे पाहून मेणबत्त्या व साबण करू लागला. एक्टनच्या चर्चमधील जन्म, विवाह व दफन यांची नोंदवही फ्रँकलिनने पाहिली. तीत १५५५ पासूनच्या नोंदी होत्या. आपण पाच पिढ्यांपासून धाकट्या मुलाचा धाकटा मुलगा आहोत, हे त्याला त्या वहीवरून कळले.

या प्रसंगातील एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चर्चच्या आवारातील थडग्यांचे दगड शेवाळाने इतके माखले होते की त्यावरची अक्षरे लागत नव्हती. ते दगड पाणी व ब्रश घेऊन घासले ते पीटर नावाच्या माणसाने, आणि स्वच्छ झालेली अक्षरे विल्यमने उतरवून घेतली. पीटर हा फ्रँकलिनचा काळा गुलाम होता. एका घराण्याची पाच पिढ्यांची नावे ज्याच्या हातांनी उजेडात आली, त्याच्या स्वतःच्या आईबापांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. फ्रँकलिनने ही हकिगत बायकोला पत्रातून कळवली, म्हणून पीटरचे निदान एवढे तरी आपल्याला ठाऊक.

पुढे १७७१ मध्ये फ्रँकलिनने आत्मचरित्र लिहायला घेतले, ते विल्यमला उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपात. त्यानंतर पाच वर्षांतच बाप आणि लेक यांची कायमची फाटाफूट झाली. विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता व राजनिष्ठ राहिला. जून १७७६ मध्ये त्याला अटक झाली, १७७७ मध्ये तो कैदेत असतानाच त्याची पत्नी वारली, आणि १७८२ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. बापाने त्याला मनापासून क्षमा कधीच केली नाही. हे सर्व पुष्कळ पुस्तकांत आहे, म्हणून इथे विस्तार करीत नाही.

त्या आत्मचरित्रात जेन या बहिणीचा उल्लेख नाही. जोसायाला दोन बायकांपासून एकंदर सतरा मुले झाली. बेंजामिन हा मुलग्यांत सर्वांत धाकटा, जन्म १७०६. जेन ही मुलींत आणि एकंदरीतच शेवटची, जन्म २७ मार्च १७१२. बेंजामिन दोन वर्षे तरी शाळेत गेला. जेनला शाळाच नाही. मुलींना धर्मग्रंथ वाचता आला म्हणजे पुरे, लिहिणे हवेच असे नाही, असा तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये रिवाज होता. १७२७ मध्ये पंधराव्या वर्षी तिचे लग्न एडवर्ड मेकम नावाच्या खोगीर करणाऱ्याशी झाले. त्याच वर्षाच्या आरंभी भावाने तिला पत्र लिहिले होते : तुला भेट म्हणून चहाचे टेबल द्यावे असे मनात आले, पण चांगल्या गृहिणीला चरखाच शोभेल म्हणून चरखा पाठवीत आहे. त्याची ही सुरुवातीची पत्रे राहिली. तिची पहिल्या काही दशकांची उत्तरे राहिली नाहीत.

मात्र तिने एक वही केली होती. काही कागद दुमडून हाताने शिवलेली, लहानशी. तिला तिने नाव दिले ‘बुक ऑफ एजेस’. आपण ‘वयांची वही’ म्हणू. पहिल्या नोंदीत तिचा स्वतःचा जन्म, मग लग्न, मग पहिला मुलगा जोसाया : ४ जून १७२९ रोजी जन्म, १८ मे १७३० रोजी मृत्यू. अशा बारा मुलांच्या नोंदी. दोन ओळींच्या, कोरड्या. अमुक वारी जन्मला, अमुक दिवशी गेला. हे वाचताना मला आमच्या घरची आठवण झाली. वडिलांची जन्मतारीख गुरुजींनी लावलेली १ जून. आणि आजी आपले वय सांगते ते ‘बहात्तरच्या दुष्काळात मी आईच्या कडेवर होते’ असे. जेनच्या हाताशी तारखा होत्या, कारण तिने त्या स्वतः लिहिल्या होत्या, आणि त्यासाठी ती लिहायला शिकली होती.

शोध घेणाऱ्याला या वहीत एक खड्डा आहे. पहिला जोसाया गेल्यावर १७४३ मध्ये झालेल्या मुलाचे नाव तिने पुन्हा जोसायाच ठेवले. बेंजामिन व पीटर ही भावांची नावेही मुलांना दिली. त्यामुळे एखाद्या कागदात नुसते ‘बेंजामिन’ आले की मामा की भाचा, हे प्रत्येक वेळी तारखेवरून ठरवावे लागते. मी स्वतः टिपण करताना एकदा चुकले आणि मामाच्या आयुष्यात भाच्याचे कर्ज घालून बसले!

दुसरा खड्डा याहून खोल आहे. वहीतील नोंदी सप्टेंबर १७६७ मध्ये मुलगी पॉली गेली तिथे थांबतात. म्हणजे ज्या काळासाठी आपण हे कुटुंब शोधतो आहोत, नेमका तो काळ वहीत नाही. लेक्सिंग्टन आणि काँकॉर्ड येथील चकमकी एप्रिल १७७५ मधील. त्यानंतर बॉस्टनला वेढा पडला आणि त्रेसष्ट वर्षांची विधवा जेन जमेल तेवढे सामान घेऊन ऱ्होड आयलंडमधील वॉरिक येथे ग्रीन कुटुंबाच्या आश्रयाला गेली. त्या शरद ऋतूत फ्रँकलिन वॉशिंग्टनला भेटायला केंब्रिजला आला होता. परतताना त्याने बहिणीला बरोबर घेतले आणि फिलाडेल्फियाला नेले. १७७७ मध्ये ब्रिटिश फौजा फिलाडेल्फियावर चालून आल्या, तेव्हा पुन्हा पळापळ, पुन्हा ऱ्होड आयलंड. बॉस्टनला ती परतली १७८४ मध्ये. हे सगळे कळते ते पत्रांवरून. फ्रँकलिन डिसेंबर १७७६ पासून फ्रान्समध्ये होता. समुद्रावर लढाई चालू असल्याने कित्येक पत्रे वाटेत बुडाली किंवा शत्रूच्या हाती पडली.

याच काळात तिचा मुलगा बेंजामिन नाहीसा झाला. हा मामाच्या वळणावर छापखान्याचे काम शिकला, अँटिगा बेटापासून फिलाडेल्फियापर्यंत जागोजाग धंदा मांडला आणि जागोजाग बुडाला. शेवटी त्याच्या डोक्यावर परिणाम झाला व त्याला न्यू जर्सीत कोंडून ठेवावे लागले. डिसेंबर १७७६ मध्ये ट्रेंटनची लढाई झाली. आपल्या पाठ्यपुस्तकात ती वॉशिंग्टनच्या विजयाची लढाई आहे. त्या धामधुमीत बेंजामिन मेकम कुठेतरी चालता झाला आणि पुन्हा कोणालाच दिसला नाही. त्याचा भाऊ पीटर हाही वेडा झाला होता. एका शेतावर त्याला सांभाळायला ठेवले होते आणि त्याचे पैसे मामा भरीत असे. बारा मुलांपैकी एकच मुलगी आईच्या पश्चात राहिल्याचे निश्चित कळते.

अशा माणसांना सरकारी कागदांत शोधावे म्हटले तर काय हाती लागते? १७९० मध्ये अमेरिकेची पहिली शिरगणती झाली. तीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचे; बाकीची माणसे रकान्यांतील आकडे. सोळा वर्षांवरील गोरे पुरुष किती, सोळाखालील किती, गोऱ्या स्त्रिया किती (त्यांच्या वयाचीही चौकशी नाही), इतर स्वतंत्र माणसे किती, गुलाम किती. सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे कागद याहून बोलके आहेत. १८१८ व १८३२ च्या कायद्यांनी म्हाताऱ्या सैनिकांना आणि १८३६ च्या कायद्याने विधवांना वेतन मिळू लागले. लग्नाचा दाखला कुठून आणायचा म्हणून काही बायकांनी घरच्या बायबलमधील नोंदींची पाने फाडून अर्जाला जोडली. ती पाने अजून सरकारी दप्तरात आहेत. पण जो सैनिक नव्हता, ज्याची विधवा अर्ज करायला उरली नाही, जो ट्रेंटनच्या थंडीत नुसताच चालत गेला, त्याचा कागद होत नाही. त्याच्यासाठी आईचे पत्रच बघावे लागते.

या भावंडांची पत्रे कार्ल व्हॅन डोरेन यांनी १९५० मध्ये एकत्र छापली. जेनचे स्पेलिंग पाहून मी आधी चक्रावले. तिने कानाला येईल तसे लिहिले आहे. परंतु मोठ्याने वाचले की सगळे उलगडते, आणि खरे सांगायचे तर शब्दकोश उघडावा लागणाऱ्या छापील इंग्रजीपेक्षा तिचे इंग्रजी मला जवळचे वाटले. तिला मात्र त्याची लाज वाटे व ती वारंवार माफी मागे. १७८६ मध्ये भावाने तिची समजूत काढायला एक गोष्ट लिहिली. एका गृहस्थाकडे चिठ्ठी आली. तीत ‘वायफ’ हा शब्द नुसता ‘वाय’ आणि ‘एफ’ या दोन अक्षरांनी लिहिला होता. गृहस्थाला उलगडेना, त्याच्या बायकोलाही उलगडेना. घरातल्या मोलकरणीने मात्र चटकन वाचून दाखवले. गोष्ट गोड आहे. तरीही ती सांगणारा स्वतः मुद्रक होता आणि एका अक्षराचीही चूक खपवून घेणारा नव्हता, हे विसरता येत नाही.

त्याच वर्षीच्या एका पत्रात जेनने, रिचर्ड प्राइस यांचे लेखन वाचून, बॉइल आणि न्यूटन यांच्या तोडीची हजारो माणसे केवळ योग्य जागी न जन्मल्यामुळे अज्ञानात व दारिद्र्यात जगून मरून गेली असतील, हा विचार उचलून धरला आहे. सगळे अडथळे तोडून वर येणारी फार थोडी, असे ती पुढे म्हणते. ती कोणाला लिहीत होती हे ध्यानात घेतले म्हणजे या वाक्याची धार कळते. सर म्हणाले, तिने हे भावाबद्दल अभिमानाने लिहिले असेल. असेलही. मला तसे वाटत नाही. ती त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांची होती, तिला वाचायची हौस होती, आणि भावाच्या पुस्तकांसाठी ती आवर्जून मागणी करीत असे.

फ्रँकलिनने जितकी पत्रे या बहिणीला लिहिली तितकी दुसऱ्या कोणाला लिहिली नाहीत, असे तिचे चरित्र लिहिणाऱ्या जिल लेपोर (पुस्तक २०१३ मधील) सांगतात. म्हातारपणी ती बापाच्या कृतीप्रमाणे साबण करी आणि त्याला पाठवी. एप्रिल १७९० मध्ये तो वारला. मृत्युपत्रात त्याने तिला बॉस्टनच्या युनिटी स्ट्रीटवरील घर आणि सालिना पन्नास पौंड ठेवले. चार वर्षांनी, मे १७९४ मध्ये, तीही गेली. तिचे चित्र कोणी काढलेले नाही. तिचे ते घर १९३९ मध्ये पाडले गेले, ते राज्यक्रांतीतील दुसरा एक वीर पॉल रिव्हिअर याच्या स्मारकाचा परिसर मोकळा करण्यासाठी. वही बॉस्टनमधील वंशावळींच्या सोसायटीच्या संग्रहात आहे.