अलास्का : तेल, वाटा आणि ध्वज

अमेरिकेच्या नकाशात अलास्का बहुधा एका कोपऱ्यातील चौकटीत, आकाराने लहान करून छापलेला असतो. त्यामुळे त्याच्या विस्ताराविषयी वाचकाचा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः १७ लाखांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे हे राज्य भारताच्या निम्म्याहून थोडे मोठे आहे. २०२०च्या जनगणनेत मात्र तेथील लोकसंख्या अवघी ७ लाख ३३ हजार भरली. १८६७ साली अमेरिकेने हा मुलूख रशियाकडून ७२ लाख डॉलरांना विकत घेतला. ३ जानेवारी १९५९ रोजी त्याला राज्याचा दर्जा मिळाला.

जनावरांची लोकर, मासे आणि सोने यांवर जगणाऱ्या या प्रदेशाचे रूप १९६८ साली पालटले. त्या वर्षी उत्तर किनाऱ्यावरील प्रूडो बे येथे तेलाचा प्रचंड साठा सापडला. परंतु तेथील समुद्र वर्षाचा बराच काळ गोठलेला असतो. तेल बाहेर न्यायचे, तर दक्षिणेकडील व्हाल्डीझ या न गोठणाऱ्या बंदरापर्यंत नळ टाकणे भाग होते. पण वाटेतील जमीन कोणाची, हा प्रश्न सुटला नव्हता. १९७१च्या कायद्याने मूळ रहिवाशांना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी डॉलर देण्याचे ठरले, तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला. १९७७ साली सुमारे १,२९० किलोमीटर लांबीचा नळ वाहू लागला.

या नळाची रचना मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. उत्तरेकडील जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. त्या जमिनीत गरम तेलाचा नळ पुरला, तर बर्फ वितळून माती खचेल आणि नळ फुटेल. म्हणून निम्म्याहून अधिक अंतर तो खांबांवरून नेला आहे. अनेक खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या असून हिवाळ्यात त्या जमिनीतील उष्णता बाहेर टाकतात.

१९८८ साली या नळातून दररोज सुमारे २० लाख पिंपे तेल जात होते. २०२० नंतरच्या काही वर्षांत हा आकडा पाच लाखांच्या आत आला. पूर्वी चार-साडेचार दिवसांत होणाऱ्या प्रवासाला आता दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. वाटेत तेल थंड होते, त्यातील मेण नळाच्या आतल्या बाजूस धरते. ओघ कमी होणे हीच नळाची व्याधी ठरली आहे.

राज्याच्या तिजोरीचेही तसेच आहे. १९७६ साली घटनादुरुस्ती करून खनिजांच्या स्वामित्वधनाचा किमान चौथा हिस्सा एका स्थायी निधीत टाकण्याचे ठरले. १९८० साली राज्याने प्राप्तिकर रद्द केला, आणि १९८२ पासून निधीच्या उत्पन्नातून प्रत्येक रहिवाशाला, तान्ह्या मुलालाही, वार्षिक लाभांश मिळू लागला. पहिला लाभांश १,००० डॉलरांचा होता. सरकारने प्रजेकडून कर घेण्याऐवजी प्रजेला पैसे वाटावेत, हे दृश्य विरळाच! तेलाचे भाव कोसळले तेव्हा, २०१६ साली, राज्यपालांनी लाभांश जवळजवळ निम्म्यावर आणला. २०१८ पासून निधीच्या उत्पन्नाचा वाटा राज्याच्या नित्य खर्चासाठीही काढला जातो. शाळांना किती आणि घरोघरी किती, हा वाद विधिमंडळात दरवर्षी नव्याने पेटतो.

मासेमारी हा दुसरा मोठा आधार होय. ब्रिस्टल उपसागरातील सामन मासे जगप्रसिद्ध आहेत. तेल आणि मासे यांचे हितसंबंध मात्र नेहमीच जुळतात असे नाही. मार्च १९८९ मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डीझ’ हे जहाज खडकावर आदळून सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात सांडले. कोळ्यांना त्याची झळ पुढे कित्येक वर्षे सोसावी लागली.

येथे वाटा थोड्या आहेत. राजधानी जूनोला बाहेरून येणारी सडकच नाही. एका बाजूला हिमाच्छादित डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. तेथे जायचे ते बोटीने किंवा विमानाने. कॅनडातून येणारा अलास्का महामार्ग १९४२ साली युद्धाच्या निकडीपोटी काही महिन्यांत बांधला गेला. स्यूअर्ड ते फेअरबँक्स हा लोहमार्ग १९२३ साली पूर्ण झाला; १९८५ पासून तो राज्याच्या मालकीचा आहे. त्याच्या एका भागात रुळांजवळ उभे राहून हात केला की गाडी थांबते! दूरच्या खेड्यांना मात्र लहान विमानांवाचून गत्यंतर नाही. पीठ, साखर, औषधे, टपाल, सारे आकाशातून येते.

ध्वजाची कथा राज्याच्या दर्जाहून जुनी आहे. १९२६-२७ साली सातवी ते बारावीच्या मुलांसाठी ध्वजाचे चित्र काढण्याची स्पर्धा झाली. स्यूअर्ड येथील अनाथाश्रमात वाढणारा बेनी बेन्सन हा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा तीत पहिला आला. आई लहानपणीच वारलेली. तिच्याकडून त्याचे नाते तेथील मूळ रहिवाशांशी होते. त्याने निळ्या पटावर सोनेरी सप्तर्षी आणि ध्रुवतारा काढला. निळा रंग आकाशाचा आणि रानातील एका इवल्या फुलाचा. ध्रुव हा उत्तरेकडील भावी राज्याचा. सप्तर्षींचा समूह म्हणजे बलदर्शक अस्वल. (आपल्याकडेही सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष, म्हणजे अस्वले, म्हणत असा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे.) मे १९२७ मध्ये प्रदेशाच्या विधिमंडळाने हा ध्वज स्वीकारला आणि राज्य झाल्यावरही तोच कायम राहिला.

बेनीला बक्षीस म्हणून सोन्याचे घड्याळ आणि शिक्षणासाठी १,००० डॉलर मिळाले. त्या पैशातून तो डिझेल यंत्रांचे काम शिकला. पुढे कोडियाक बेटावर विमानांच्या दुरुस्तीचे काम करीत त्याने आयुष्य काढले. १९७२ साली तो वारला. २०१३ साली कोडियाकच्या विमानतळाला त्याचे नाव देण्यात आले.