घरगुती सांडपाण्यासाठी बांधीव पाणथळ : जयपूरचा धडा

जयपूरच्या जलमहालाभोवती असलेल्या मानसागर सरोवरात ब्रह्मपुरी व नागतलाई या नाल्यांतून शहराचे सांडपाणी येत असे. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून सरोवराचे पुनरुज्जीवन हाती घेताना प्रक्रिया केंद्रातील पाणी बांधीव पाणथळीतून नेऊन मगच सरोवरात सोडण्याची व्यवस्था करण्यात आली. आधी गाळ व सेंद्रिय भार कमी करणे आणि नंतर पाणथळीत उरलेले नत्र व स्फुरद घटविणे, हा क्रम घरगुती संयंत्रातही पाळावा लागतो.

कार्यपद्धती : पाणथळीत शुद्धीकरणाचे मुख्य काम खडीवर व मुळांवर वाढणारे जिवाणू करतात. पाणकणीस, नळगवत किंवा कर्दळ यांची मुळे त्यांना आधार व थोडा प्राणवायू पुरवितात. वनस्पती काही अन्नद्रव्ये शोषतात. मात्र वेळोवेळी कापणी न केल्यास ती कुजून पुन्हा पाण्यात मिसळतात.

आकारमान : स्नानगृह व स्वयंपाकघरातून दररोज ४०० लिटर पाणी येते असे मानू. ते तीन दिवस थांबण्यासाठी १,२०० लिटर पोकळी हवी. खडीत सुमारे ४० टक्के पोकळी धरल्यास ३ घनमीटर खडी लागते. पाण्याची खोली ०.५ मीटर ठेवल्यास ४ मीटर लांब व १.५ मीटर रुंद वाफा पुरतो. तळ व बाजू पाझररहित असाव्यात. पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाखाली ठेवावी, म्हणजे डास व दुर्गंधी यांना आळा बसतो.

दक्षता : पाणी वाफ्यात सोडण्यापूर्वी चरबी अडविणारी व गाळ बसविणारी टाकी आवश्यक आहे. ती वेळेवर साफ न केल्यास खडी तुंबते आणि संपूर्ण वाफा उकरावा लागतो. शौचालयाचे पाणी या वाफ्यात सोडू नये.

जयपूरसारख्या उष्ण, कोरड्या हवामानात बाष्पीभवनामुळे पाणी घटते व क्षार वाढतात. म्हणून वाफा गरजेपेक्षा मोठा करू नये; साबणातील सोडियममुळे जमीन बिघडू नये यासाठी माती-परीक्षण करीत राहावे. बाहेर पडणारे पाणी पिण्यायोग्य नसते. ते फळझाडांच्या बुंध्याशी द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नये. एवढे पथ्य पाळल्यास उन्हाळ्यात विहिरीवरचा भार हलका होतो आणि परसातील झाडे तगून राहतात.