जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी : कमला सोहोनी

सजीवांच्या शरीरात अखंड चालणाऱ्या रासायनिक व्यापारांचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे जीवरसायनशास्त्र. खाल्लेला घास पचतो कसा, पेशीला शक्ती मिळते कोठून, असे या शास्त्राचे प्रश्न आहेत. परंतु हे शास्त्र केवळ ग्रंथ वाचून साध्य होत नाही. अर्क केव्हा गाळावा, कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि कोणता प्रयोग पुन्हा करून पाहावा, हे जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. म्हणून संशोधकाला बुद्धीइतकीच मार्गदर्शकाची आणि प्रयोगशाळेतील जागेची गरज असते. या दृष्टीने कमला सोहोनी यांचे चरित्र अभ्यासण्यासारखे आहे.

प्रवेशाचा प्रश्न

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म 1911 साली इंदूर येथे झाला. त्यांचे वडील व चुलते हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. 1933 साली रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि त्यांनी त्याच संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला.

संस्थेचे संचालक त्या वेळी नोबेल पारितोषिक विजेते चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी हा निर्णय मानला नाही. त्यांनी बंगळूर गाठले व आग्रह धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे समजले जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि सहकारी पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा त्या अटी होत्या. पुरुष विद्यार्थ्याला अशा अटी घातल्या जात नसत. हा अन्याय कमलाबाईंना कळत होता. तरीही त्यांनी अटी मान्य केल्या, कारण प्रयोगशाळेत पाऊल ठेवल्यावाचून स्वतःची योग्यता सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग त्यांना नव्हता. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, कमलाबाईंचा प्रवेश कायम झाला आणि पुढे इतर विद्यार्थिनींनाही त्या संस्थेचे दार उघडले.

गुरूंच्या हाताखाली

बंगळूरला त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे होते. ते शिस्तीला कडक होते; मात्र पात्र विद्यार्थ्याला शिकविण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि 1936 साली एम. एस्सी. पदवी मिळविली.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल 1929 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळालेले फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी आरंभी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या पेशींकडे लक्ष वळविले. बटाट्यावर प्रयोग करीत असता त्यांना वनस्पतीच्या पेशीत सायटोक्रोम-सी हा पदार्थ आढळला. सायटोक्रोम-सी हे लोहयुक्त प्रथिन आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ते एका घटकाकडून घेते व दुसऱ्याकडे देते. ही साखळी शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचते आणि या क्रियेत पेशीला उपयोगी पडणारी शक्ती साठविली जाते. प्राण्यांप्रमाणे वनस्पतींच्या श्वसनातही ही यंत्रणा कार्य करते, हा या शोधाचा अर्थ होता. 1939 साली या कामाबद्दल त्यांना पीएच. डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता.

मिळालेली विद्या पुढे देणे

मायदेशी परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात व नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. 1947 साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेच्या नव्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या. पुढे त्या संस्थेच्या संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली.

येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी निवडलेले विषय ध्यानात घेण्याजोगे आहेत. कडधान्ये, नीरा, ताडगूळ, तांदळाचे पीठ हे सारे सामान्य माणसाच्या आहारातले पदार्थ होत. उदाहरणार्थ, वालासारख्या कडधान्यांत प्रथिने भरपूर असतात. परंतु त्यांतच ट्रिप्सिनचे कार्य अडविणारे घटकही असतात. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारे व लहान आतड्यात प्रथिनांचे विघटन करणारे एंझाइम आहे. त्याला अडथळा झाला, तर खाल्लेल्या प्रथिनांचा पुरता उपयोग होत नाही. कडधान्य चांगले शिजविले असता उष्णतेने या घटकांचा बराचसा नाश होतो. घरातील रीतीमागचे हे रसायन उलगडताना विद्यार्थी प्रथिन वेगळे करणे, शुद्ध करणे व त्याची क्रियाशीलता मोजणे ही कौशल्ये शिकत. बंगळूरला ज्या पदार्थांवर कमलाबाईंचा स्वतःचा हात बसला होता, त्यांवरच आता त्यांच्या विद्यार्थ्यांचा हात बसत होता. नीरेतील पोषक द्रव्यांवरील संशोधनाबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

त्यांचे शिकविणे प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. 1966 साली मुंबईत ग्राहक मार्गदर्शनासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी एक होत्या. अन्नातील भेसळीसारख्या विषयांवर त्यांनी सामान्य ग्राहकांसाठी लेखन केले. 1998 साली त्यांचे निधन झाले.

एका विद्यार्थिनीला प्रयोगशाळेत जागा मिळाली, तिचे फळ असे अनेकांच्या वाट्याला आले. रामन यांचा पहिला नकार कायम राहिला असता, तर हानी केवळ एका व्यक्तीची झाली नसती. तिच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांनाही ती सोसावी लागली असती. विद्यार्थी निवडणाऱ्या व घडविणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब मनात ठेवावा.

अभ्यासासाठी प्रश्न

1. वाल नीट शिजविल्याने त्यातील प्रथिनांची उपयुक्तता का वाढते?
2. ग्रंथातून शिकता येणार नाही, अशी कोणती गोष्ट संशोधनाच्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकाकडून मिळते?