आधी भाकर, मग प्रश्न
शास्त्रपाठ : १ राजे १९:४–९

२२ मार्च २०२० रोजी आपण टाळ्या-थाळ्या वाजवून परिचारिकांना 'देवदूत' म्हटले. पण कोविडच्या वॉर्डात तासन्‌तास पाण्याच्या घोटावाचून राबणारी, रोज मरण पाहणारी आपली भगिनी देवदूत नव्हती; ती थकलेला एलीया होती.

एलीयाने रतामाच्या झुडपाखाली मरण मागितले. परमेश्वराने त्याला अविश्वासी म्हटले नाही. दूताने दोनदा भाकर व पाणी दिले. मध्ये झोपू दिले. 'येथे काय करतोस?' हा प्रश्न पुढे, होरेबात आला.

बंधुजनहो, दूताचे काम मंडळीचे आहे. रात्रपाळी करून आलेल्या भगिनीला उपासनेतील गैरहजेरीचा जाब विचारू नका. डबा पोहोचवा, मुले सांभाळा, तिला झोपू द्या.

मनन : आपल्या मंडळीत आज झुडपाखाली कोण आहे?