नागपुरी संत्रे आणि त्याचा रस

नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड आणि अमरावती जिल्ह्यातील वरूड व मोर्शी हे तालुके म्हणजे संत्र्यांचा मुलूख होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून हे झाड नागपुरास आणविले, असे सांगतात. २०१४ साली नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकन मिळाले.

संत्र्याचे झाड आपोआप हवे तेव्हा फुलत नाही. बागाईतदार काही आठवडे पाणी तोडून झाडास ताण देतो व पुन्हा पाणी सोडतो. मग बहार येतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार. त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उतरतात. पावसाच्या आरंभी फुलतो तो मृग बहार. त्याची फळे फेब्रुवारीपासून मिळू लागतात.

या फळाची साल सैल असते. सुरी न घेता लहान मूलही ते सोलू शकते, हा त्याचा मोठा गुण. परंतु हीच सैल साल प्रवासात दबते व फळ लवकर नासते. शिवाय सर्व बागांची तोड जवळजवळ एकाच वेळी येते आणि भाव कोसळतो. या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक बांगलादेश. त्या देशाने २०१९ ते २०२३ या वर्षांत आयात शुल्क वारंवार वाढविले, तेव्हा पुष्कळ माल देशातच राहिला व बागाईतदारांस त्याची झळ बसली.

मग उरलेल्या फळांचा रस काढून बाटल्यांत का भरीत नाहीत, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच, आणि तो योग्यच आहे.

कारखान्यात फळे धुऊन, निवडून, दाबून रस काढतात; तो गाळून चोथा व बिया वेगळ्या करतात; नंतर जंतू मरावेत म्हणून थोडा वेळ सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवाबंद करतात. येथेच अडचण उभी राहते. नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, पण काही तासांनी तो कडू होतो. फोडींच्या पडद्यांत व बियांत एक कडू नसलेले द्रव्य असते. फळ दाबले की ते रसातील आम्लाशी मिसळते आणि त्यापासून लिमोनिन नावाचे कडू द्रव्य बनते. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणजे जो उपाय रस टिकविण्यासाठी करावयाचा, तोच त्यास कडू करतो! ब्राझील व फ्लॉरिडा येथील कारखाने मुख्यतः निराळे, घट्ट सालीचे फळ वापरतात. ते आपल्या मोसंबीच्या जातीचे असून त्याच्या पक्व फळांत हा दोष फार कमी आढळतो.

यावर उपाय आहेत. पूर्ण पिकलेलीच फळे घ्यावीत, बिया चिरडू नयेत, किंवा कडू द्रव्य शोषून घेणाऱ्या विशिष्ट कणांच्या थरातून रस गाळावा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने बीविरहित वाणही निवडला आहे. मात्र यंत्रसामग्रीस पैसा लागतो. स्क्वॅशमध्ये साखर कडवटपणा झाकते, म्हणून तो करणे सोपे पडते.

शिक्षकांनी हे वर्गात प्रत्यक्ष दाखवावे. चार-पाच पिकलेल्या संत्र्यांचा रस काढून त्याचे दोन भाग करावेत. एका भागात काही बिया ठेचून टाकाव्यात, तो मंद आचेवर दहा मिनिटे तापवावा, गाळावा व निवू द्यावा. पातेले स्टीलचेच असावे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आंबट रस कळकतो. पहिला भाग तसाच, ताजा ठेवावा. कोणत्या पेल्यात कोणता रस आहे हे मुलांस आधी सांगू नये. चव घेऊन त्यांनीच ते ओळखावे व कारण वहीत लिहावे.